बाळ काल रात्री कुठे झोपले होते?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

झोपेत तान्हे बाळ दगावल्याची बातमी वृत्तपत्रांत अधूनमधून येते. ती बहुधा चार-पाच ओळींची असते आणि तेवढ्यातही ‘निष्काळजीपणा’ हा शब्द हटकून सापडतो. घर गरीब असेल, आई फार कोवळ्या वयाची असेल, वडील व्यसनी असतील किंवा कुटुंब नुकतेच एका आसऱ्यातून दुसऱ्या आसऱ्यात हलले असेल, तर तो शब्द थेट शीर्षकात चढतो. मी २४ वर्षे घरोघरी जाऊन बाळंतिणींची आणि तान्ह्या बाळांची विचारपूस करणारी परिचारिका म्हणून काम केले. कार्यालयीन कागदांवर ज्यांच्या नावापुढे ‘जोखमीचे कुटुंब’ असा शेरा असतो, अशी घरे माझ्या वाट्याला अधिक आली. त्या घरांतील आयांविषयी हा शब्द वाचला की मला प्रथम माझ्याच व्यवसायाची आठवण होते. बाळाने कसे झोपावे याची माहिती आम्ही देतो, पत्रक हातात ठेवतो, नोंदवहीत खूण करतो आणि निघतो. ज्या रात्री घराची घडी विस्कटते त्या रात्री या बाळाचे काय होणार, हे विचारायला मात्र आम्ही थांबत नाही. हे पत्र त्या न विचारलेल्या प्रश्नाविषयी आहे.

आधी हे मृत्यू कसे होतात ते थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. वरवर निरोगी दिसणारे एक वर्षाच्या आतील बाळ झोपेत अचानक मरण पावते आणि शवविच्छेदन, घटनास्थळाची पाहणी आणि पूर्वेतिहास हे सारे तपासूनही कारण हाती लागत नाही, तेव्हा त्याला आकस्मिक अर्भक-मृत्यू म्हणतात. ही संज्ञा १९६९ मध्ये वैद्यकात रूढ झाली. यांपैकी सुमारे ९० टक्के मृत्यू पहिल्या सहा महिन्यांत होतात आणि दुसरा ते चौथा महिना हा सर्वांत धोक्याचा काळ असतो. १९९४ मध्ये मांडल्या गेलेल्या आणि आजही सर्वाधिक मान्य असलेल्या उपपत्तीनुसार तीन गोष्टी एकत्र आल्या की हा प्रसंग ओढवतो. बाळात जन्मतःच काही नाजूकपणा असतो, बाळ वाढीच्या नाजूक टप्प्यावर असते, आणि त्याच वेळी बाहेरून काही ताण येतो. हा ताण पालथे झोपण्याचा असेल, तोंडावर आलेल्या पांघरुणाचा असेल, अति उष्णतेचा असेल किंवा शेजारी झोपलेल्या मोठ्या माणसाच्या अंगाचा असेल. श्वास कोंडला तर दचकून जागे व्हायचे, मान वळवायची, रडायचे, ही निरोगी मेंदूची उपजत हालचाल असते. काही बाळांच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या भागात ती पुरेशी तयार नसते आणि असे बाळ कोणते, हे बाहेरून कोणालाही ओळखता येत नाही. पहिल्या दोन गोष्टी आपल्या हाती नाहीत, तिसरी आहे. सुरक्षित झोपेविषयी जे काही सांगितले जाते ते सगळे या तिसऱ्या गोष्टीसाठी आहे.

ती तिसरी गोष्ट किती मोठी आहे, याचा पुरावा इतिहासात आहे आणि तो माझ्या व्यवसायाला नम्र करणारा आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापासून पुढे अनेक दशके पाश्चात्त्य देशांतील डॉक्टर आणि परिचारिका आयांना सांगत होते की बाळाला पालथे निजवा, म्हणजे ओकारी घशात अडकणार नाही. हा सल्ला तर्काला पटणारा होता आणि तो चुकीचा होता. न्यूझीलंडमध्ये १९८७ ते १९९० या काळात झालेल्या मोठ्या अभ्यासाने आणि त्याच सुमारास ब्रिटनमध्ये झालेल्या पाहणीने पालथे निजवण्याचा धोका स्पष्ट केला. डिसेंबर १९९१ मध्ये ब्रिटनमध्ये आणि १९९४ मध्ये अमेरिकेत बाळांना उताणे निजवण्याची देशव्यापी मोहीम सुरू झाली आणि काही वर्षांतच अशा मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. कोणतेही औषध नाही, लस नाही, यंत्र नाही. बाळाची पाठ अंथरुणाला टेकली, एवढाच काय तो फरक. पुढे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात संशोधकांनी दाखवून दिले की १९७० पर्यंत उपलब्ध झालेले पुरावे कोणी नीट एकत्र करून वाचले असते, तर ब्रिटनमधील १०,००० हून अधिक आणि युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड मिळून किमान ५०,००० बाळांचे मृत्यू टळू शकले असते.

हा इतिहास मी मुद्दाम सांगते आहे. एखाद्या घरात आजी ठामपणे म्हणते, ‘मी माझी सगळी मुले पालथीच निजवली आणि आम्हाला तसे परिचारिकेनेच सांगितले होते,’ तेव्हा ती आजी अडाणी नसते आणि हट्टीही नसते. ती खरे बोलत असते. तिला तो सल्ला आमच्यापैकीच कोणीतरी दिलेला असतो. ‘तेव्हा आमचेच चुकले होते, पुढे ते कळले, आणि आता आम्ही वेगळे सांगतो आहोत’ हे वाक्य मी कितीतरी आज्यांसमोर उच्चारले आहे. त्या वाक्याने जेवढी दारे उघडली तेवढी कोणत्याही पत्रकाने उघडली नाहीत.

मोहिमांनंतर जे मृत्यू उरले, त्यांचा चेहरा बदलला. पूर्वी असे मृत्यू समाजाच्या सर्व थरांत विखुरलेले होते. आता ते मोठ्या प्रमाणात ओढग्रस्त कुटुंबांत एकवटले आहेत. दाटीवाटीचे घर, वारंवार बदलणारा निवारा, गरोदरपणातील धूम्रपान, दारू व अमली पदार्थ, घरातील मारहाण, आईचे मानसिक आजारपण आणि अकाली जन्मलेले किंवा कमी वजनाचे बाळ, यांतील बऱ्याच गोष्टी एकाच घरात एकत्र भेटतात. याचा सोपा अर्थ असा लावला जातो की या लोकांपर्यंत माहिती पोहोचलेली नाही, म्हणून आणखी माहिती द्या, पत्रक आणखी रंगीत करा. इंग्लंडमध्ये बालसुरक्षेच्या गंभीर प्रकरणांचा आढावा घेणाऱ्या राष्ट्रीय समितीने २०२० मध्ये याच प्रश्नावर अहवाल दिला. समितीकडे जून २०१८ ते ऑगस्ट २०१९ या काळात ५६८ गंभीर घटनांच्या सूचना आल्या होत्या आणि त्यांतील ४० बाळे झोपेत अकस्मात गेलेली होती. यांतील बरीच कुटुंबे कोणत्या ना कोणत्या यंत्रणेच्या नजरेसमोर होती. जवळजवळ सर्व प्रसंगांत बाळ मोठ्या माणसाजवळ असुरक्षित जागी झोपले होते आणि अनेकदा त्या मोठ्या माणसाने दारू किंवा अमली पदार्थ घेतले होते. अहवालाने ज्या गोष्टीकडे बोट दाखवले ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते: कित्येकदा ती रात्र नेहमीसारखी नव्हती. कुटुंब दुसऱ्याच्या घरी मुक्कामाला होते, किंवा भांडण झाले होते, किंवा बाळ आजारी होते, किंवा घरात कोणीतरी आले होते. एरवी जे नियम पाळले जात ते त्या रात्री पाळता आले नाहीत.

मी स्वतः हे फार उशिरा शिकले. एका घरी मी नियमित जात असे. आई १९ वर्षांची, बाळ सात आठवड्यांचे, नियोजित तारखेच्या महिनाभर आधी जन्मलेले. मी विचारले, ‘बाळाला कसे निजवतेस?’ ती म्हणाली, ‘उताणे.’ ‘कुठे?’ ‘माझ्याच खोलीत, त्याच्या वेगळ्या अंथरुणावर.’ ‘उशी?’ ‘नाही ठेवत.’ सगळी उत्तरे बरोबर होती. आमचे पत्रक तिने भिंतीवर चिकटवले होते. मी समाधानाने नोंदवहीत खुणा केल्या. पुढच्या भेटीत माझ्याबरोबर एक ज्येष्ठ सहकारी होत्या. त्यांनी यांतले काहीच विचारले नाही. त्या एवढेच म्हणाल्या, ‘काल रात्री बाळ कुठे झोपले होते, ते मला दाखवशील का?’ मुलगी क्षणभर गप्प राहिली आणि आम्हाला बाहेरच्या खोलीतील सोफ्याजवळ घेऊन गेली. जोडीदार रात्री उशिरा पिऊन येत असे, बाळाच्या रडण्यावरून आरडाओरडा करत असे, म्हणून ती बाळाला घेऊन बाहेर सोफ्यावर झोपत होती. गेल्या दहा दिवसांपैकी सहा रात्री तिने तशाच काढल्या होत्या. आत बाळाच्या अंथरुणावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग होता. तिने आधी मला खोटे सांगितले नव्हते. मी तिला नियम विचारले होते आणि तिने नियम सांगितले होते. रात्र मी विचारलीच नव्हती.

त्या बाळाला काही झाले नाही. त्यात माझे कर्तृत्व काहीच नव्हते.

सोफा आणि आरामखुर्ची या दोन जागांविषयी मला ठामपणे लिहायचे आहे, कारण त्यांच्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते. बाळाला कुशीत घेऊन सोफ्यावर डोळा लागणे हा आपल्याला माहीत असलेल्या सर्वांत मोठ्या धोक्यांपैकी एक आहे. ब्रिटनमध्ये पालकांना दिल्या जाणाऱ्या माहितीत हा धोका ५० पटींपर्यंत वाढतो असे सांगितले जाते. बाळ गादीच्या खाचेत किंवा पाठ आणि हात यांच्या मधल्या जागेत सरकते, त्याची हनुवटी छातीला टेकते, नाक मऊ कापडात रुतते. आता विचार करा: आपण आईला करड्या आवाजात बजावतो की बाळाला पलंगावर आपल्याजवळ कधीही घेऊ नकोस. ती ते मनावर घेते. पहाटे तीन वाजता दूध पाजताना पलंगावर झोप लागेल या भीतीने ती उठून सोफ्यावर जाऊन बसते आणि तिथे तिला झोप अनावर होते. आपल्या अर्धवट सल्ल्याने आपणच तिला अधिक धोक्याच्या जागी पाठवलेले असते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना एकाच पलंगावर झोपण्याची शिफारस करत नाही. पण तिच्या २०२२ च्या मार्गदर्शनातही म्हटले आहे की पाजताना झोप लागण्याची शक्यता असेल, तर सोफ्यापेक्षा किंवा खुर्चीपेक्षा उशा-पांघरुणे बाजूला काढलेला पलंग कमी धोक्याचा आहे आणि जाग येताच बाळाला त्याच्या अंथरुणावर ठेवावे. ब्रिटनमध्ये यापुढे जाऊन पलंगावर बाळ जवळ घेतलेच तर ते कमीत कमी धोक्याने कसे घ्यावे हे मोकळेपणाने सांगितले जाते, आणि कोणत्या परिस्थितीत ते मुळीच करू नये हे तितक्याच स्पष्टपणे सांगितले जाते. आई किंवा वडील धूम्रपान करत असतील, त्यांच्यापैकी कोणीही दारू प्यायलेले असेल, अमली पदार्थ किंवा गुंगी आणणारे औषध घेतलेले असेल, बाळ ३७ आठवड्यांपूर्वी जन्मलेले असेल किंवा जन्मतः त्याचे वजन अडीच किलोपेक्षा कमी असेल, तर बाळाला अंथरुणात जवळ घेऊन झोपू नये. हा दुसरा मार्ग मला अधिक प्रामाणिक वाटतो. ‘कधीच नाही’ असे सांगितले की आई मान डोलावते आणि पुढच्या वेळी काही सांगत नाही.

मूळ सल्ला छोटाच आहे आणि तो बदललेला नाही. बाळाला दिवसा असो वा रात्री, प्रत्येक झोपेला उताणे निजवावे. कुशीवर नव्हे, कारण कुशीवरचे बाळ सहज पालथे होते. अंथरूण सपाट आणि घट्ट असावे, त्यावर उशी, गिरदी, मऊ खेळणी, कडेचे गुबगुबीत पट्टे असे काहीही नसावे. अमेरिकेने २०२२ मध्ये कायदा करून असे पट्टे आणि बाळाला उतरते झोपवणारी साधने यांच्या विक्रीवर बंदी घातली. डोके उघडे असावे. निदान पहिले सहा महिने बाळ मोठ्यांच्याच खोलीत, पण आपल्या जागी झोपावे. बाळाच्या आसपास कोणी धूम्रपान करू नये आणि गरोदरपणात तर मुळीच करू नये. स्तनपानाने धोका कमी होतो. निदान दोन महिने स्तनपान झाले तरी तो सुमारे निम्म्याने घटतो असे आढळले आहे.

सल्ला छोटा असला तरी त्याच्या आड येणाऱ्या शंका छोट्या नसतात, आणि त्या झटकून टाकल्या की संवाद तिथेच संपतो. सर्वांत मोठी शंका ओकारीची. उताणे निजलेल्या बाळाची श्वासनलिका अन्ननलिकेच्या वरच्या बाजूला असते, त्यामुळे वर आलेले दूध श्वासनलिकेत शिरायला त्याला वर चढावे लागते. बाळ पालथे असेल तर श्वासनलिका खाली येते आणि दूध तिच्या तोंडाशी साचू शकते. हे मी एका कागदावर दोन रेघा काढून दाखवत असे आणि ते पाहून बहुतेक आयांच्या चेहऱ्यावरची काळजी ओसरत असे. दुसरी तक्रार अशी की बाळ पालथेच गाढ झोपते. ते खरे आहे आणि धोका नेमका त्यातच आहे, कारण पालथ्या बाळाला जाग येणे कठीण जाते. तान्ह्या बाळाचे वारंवार जागे होणे ही त्याची संरक्षक यंत्रणा आहे, हे कळल्यावरही रात्र सोपी होत नाही, पण तिचा अर्थ बदलतो. थंडीच्या भीतीने बाळाला थरावर थर गुंडाळले जातात, आणि हातपाय गार लागले की आणखी एक थर चढतो. खरे तर तान्ह्या बाळाचे हातपाय गार असणे नेहमीचेच आहे, ऊब पाहायची ती छातीला किंवा मानेच्या मागे हात लावून, आणि तिथे घाम असेल तर एक थर काढायचा. डोके मागून चपटे होईल अशी चिंता असेल, तर बाळ जागे असताना आणि आपली नजर त्याच्यावर असताना त्याला रोज थोडा वेळ पालथे खेळवावे.

आता जोखमीच्या घरात काम कसे करावे याविषयी. माझ्या अनुभवात तीन प्रश्न कामाला आले. काल रात्री बाळ कुठे झोपले होते? आज दिवसा कुठे झोपले? आणि नेहमीसारखे करता येणार नाही अशी रात्र तुमच्याकडे कोणती येते? तिसरा प्रश्न विचारून मी गप्प बसत असे. उत्तर यायला वेळ लागतो, पण येते. कोणी सांगते की शनिवारी आम्ही दोघेही पितो. कोणी सांगते की तो चिडला की मी मैत्रिणीकडे निघून जाते. कोणी सांगते की घर तापवायला पैसे उरत नाहीत तेव्हा सगळे एकाच अंथरुणात शिरतात. असे उत्तर मिळाले की कामाला खरी सुरुवात होते. शनिवारी दोघे पिणार असतील, तर त्या रात्री शुद्धीत कोण राहणार, आणि कोणीच राहणार नसेल तर बाळ कोणाकडे असेल? मैत्रिणीच्या घरी बाळासाठी सपाट जागा आहे का, आणि नसेल तर बरोबर काय न्यायचे? गाडीच्या आसनातच झोपलेल्या बाळाला घरी पोहोचल्यावर उचलून सपाट जागी कोण ठेवणार? ही योजना आईच्या शब्दांत, तिच्या घरातील वस्तूंनी आणि तिच्या माणसांना धरून करायची असते. तिच्यात उपदेश मिसळला की ती आमची होते आणि आमच्याबरोबरच दाराबाहेर पडते.

अशा बोलण्याने आपण व्यसनाला संमती देतो, असा आक्षेप माझ्या कार्यालयातील काहींनी घेतला होता. मला तो तेव्हाही पटला नाही. व्यसन सुटायला महिने लागतात, वर्षे लागतात, कधी सुटतही नाही. बाळाचा धोक्याचा काळ मात्र मोजका आहे. त्या सहा महिन्यांत आईबापांनी परिपूर्ण व्हावे याची वाट पाहत बसणे बाळाला परवडणारे नाही. त्याच वेळी हेही खरे की संमती न देणे आणि डोळेझाक न करणे या दोन्ही गोष्टी सांभाळाव्या लागतात. एखाद्या घरात बाळाला तात्काळ धोका दिसत असेल, तर मैत्रीपूर्ण संबंध टिकावेत म्हणून गप्प बसणे हाही बाळाचा विश्वासघातच आहे. अशा वेळी मी आईला तिच्या तोंडावर सांगत असे की मी हे पुढे कळवणार आहे आणि का कळवणार आहे. काही आयांनी त्यानंतर मला दार उघडले नाही. बऱ्याच जणींनी उघडले.

बालसंरक्षण यंत्रणा बाळ काढून नेईल ही भीती या घरांत प्रत्येक भेटीत हजर असते. जिला स्वतःच्या लहानपणी अशा यंत्रणेने एका घरातून दुसऱ्या घरात हलवले आहे, तिच्यासाठी तर परिचारिकेच्या हातातील वहीसुद्धा धाक असते. म्हणून मी झोपेची जागा पाहण्याआधी परवानगी मागत असे आणि पाहताना वही पिशवीत ठेवत असे. वाईट दिसले तर आधी जे चांगले होते ते खरोखर शोधून सांगत असे. बाळ खोलीत जवळ आहे, ही गोष्टही लहान नाही.

आणखी एक उणीव सांगितलीच पाहिजे. आमचे सगळे बोलणे आईशी होते. जोडीदार बाहेरच्या खोलीत बसलेला असतो किंवा आम्ही आलो की उठून जातो, आणि आम्हीही ते सोयीचे मानतो. पण रात्री दोन वाजता रडणाऱ्या बाळाला छातीवर घेऊन सोफ्यावर आडवा होणारा अनेकदा तोच असतो. आजी, मावशी, बाळ सांभाळणारी शेजारीण यांनाही हे कळायला हवे. एरवी उताणे झोपणारे बाळ एका दुपारी दुसऱ्या कोणाच्या हातून पालथे निजवले गेले, तर त्याचा धोका रोज पालथे झोपणाऱ्या बाळाहून अधिक असतो, हे अभ्यासांत दिसले आहे.

हे काम एकट्या परिचारिकेचेही नाही. व्यसनमुक्ती केंद्रातील डॉक्टर अमली पदार्थाऐवजी दिल्या जाणाऱ्या, गुंगी आणणाऱ्या औषधाची मात्रा ठरवतो, तेव्हा घरात तान्हे बाळ आहे का आणि ते रात्री कुठे असते, हे त्याने विचारायला हवे. मारहाणीची तक्रार आल्यावर रात्री घरी जाणाऱ्या पोलिसाला बाळ कुठे झोपले आहे ते दिसत असते. त्याला त्याचा अर्थ माहीत असायला हवा. बेघर कुटुंबाला तात्पुरती खोली देणाऱ्या अधिकाऱ्याने त्या खोलीत बाळासाठी वेगळी सपाट जागा आहे की नाही हे पाहिल्याशिवाय किल्ली देऊ नये. मार खाऊन रात्री आश्रयगृहात पोहोचलेल्या आईसमोर एकच पलंग असेल, तर त्या रात्रीची असुरक्षितता आपण निर्माण केलेली असते, तिने नव्हे.

वस्तूंची मदत आणि समजावणे यांची सांगड कशी घालावी, याचे मला माहीत असलेले सर्वांत सुंदर उदाहरण न्यूझीलंडचे आहे. तेथील माओरी या मूळ रहिवासी समाजात बाळाला जवळ घेऊन झोपण्याची रीत आहे आणि गरोदरपणातील धूम्रपानाचे प्रमाणही जास्त असल्यामुळे हे मृत्यूही तिथे अधिक होत. ‘वेगळे निजवा’ हा सरळ उपदेश त्यांच्या मनाला लागला, पण वागण्यात उतरला नाही. तेव्हा माओरी डॉक्टर डेव्हिड टिपेने-लीच आणि तेथील विणकर स्त्रिया यांच्या सहकार्यातून हराकेके नावाच्या वनस्पतीच्या पात्यांची ‘वहाकुरा’ ही टोपली पुढे आली. ती मोठ्यांच्या अंथरुणातच ठेवायची, म्हणजे बाळ आईच्या हाताशी राहते आणि तरीही त्याला स्वतःची, कोणाचे अंग न येणारी, सपाट जागा मिळते. पुढे याच कल्पनेवर ‘पेपी-पॉड’ नावाची प्लॅस्टिकची पेटी आली आणि २०११ च्या क्राइस्टचर्च भूकंपानंतर घरे विस्कटलेल्या कुटुंबांना ती वाटली गेली. ती घेणाऱ्या कुटुंबाने सुरक्षित झोपेची माहिती आपल्या नात्यागोत्यात पुढे सांगावी, अशी अपेक्षा असे. न्यूझीलंडमध्ये पहिल्या आठवड्यानंतरच्या अर्भक-मृत्यूंचे प्रमाण २००९ ते २०१५ या काळात २९ टक्क्यांनी घटले, आणि ही घट माओरी बाळांमध्ये व जिथे हा कार्यक्रम जोमाने राबवला गेला त्या भागांत सर्वाधिक होती. त्यांची रीत मोडण्याऐवजी त्या रीतीच्या आतच बाळासाठी जागा शोधली गेली, हे मला फार मोलाचे वाटते. फिनलंडमध्ये १९३८ पासून मातांना दिल्या जाणाऱ्या पेटीचा दाखलाही नेहमी दिला जातो. पण ती पेटी मिळवण्यासाठी आईला गरोदरपणात लवकर आरोग्य केंद्रात यावे लागत असे, ही अट पेटीइतकीच महत्त्वाची होती. पुठ्ठ्याची पेटी वाटून तेवढ्यावर समाधान मानणारे ही अट विसरतात.

आता आपल्या वृत्तपत्राकडे दोन विनंत्या. पहिली विनंती त्या शब्दाविषयी. कारण निश्चित होईपर्यंत, आणि अनेकदा ते कधीच निश्चित होत नाही, ‘निष्काळजीपणा’ असे छापू नये. ज्या आईने सकाळी थंडगार बाळ उचलले तिला तो शब्द आयुष्यभर पुरतो, आणि तो वाचणारी दुसरी आई आपल्या घरातील सोफ्यावरच्या रात्रीविषयी परिचारिकेला काहीच सांगत नाही. दुसरी विनंती चित्रांविषयी. बालसंगोपनावरील लेखांसोबत आणि जाहिरातींत झोपलेल्या बाळाचे जे गोड छायाचित्र असते, त्यात ते बाळ बहुधा पालथे असते, त्याच्याभोवती उशा आणि कापसाची खेळणी असतात, कधी अंगावर जाड दुलई असते, कधी ते सोफ्यावर झोपलेल्या वडिलांच्या छातीवर असते. आम्ही तासभर बसून जे समजावतो, ते असे एक चित्र क्षणात पुसून टाकते. यापुढे झोपलेल्या बाळाचे छायाचित्र छापताना ते उताणे आहे का, डोके उघडे आहे का आणि अंथरूण मोकळे आहे का, एवढे आपल्या छायाचित्र विभागाने पाहावे. ते चित्र कदाचित तितके गोड दिसणार नाही. तरीही ते छापावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका